रिफॉर्मर पिलाटीज : कोथरूडच्या एका ग्राहकाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली तीन वर्षं आठवड्यातून दोनदा मी पुण्यात कर्वे रस्त्यालगतच्या एका स्टुडिओत रिफॉर्मरवर व्यायाम करायला जाते. तळाला रबरी ठिपके असलेले मोजे वाळत घातलेले दिसले की शेजारणी विचारतात, बँकेतल्या मैत्रिणी विचारतात, एकदा तर भाजीवालीनेही विचारलं. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. मी शिक्षिका नाही, डॉक्टर नाही. वय ५४, पैसे भरून जाणारी ग्राहक. स्टुडिओकडून मला चहासुद्धा मिळत नाही, त्यामुळे कुणाचं मिंधं असण्याचा प्रश्न नाही.

हे रिफॉर्मर म्हणजे नक्की काय असतं?

लांबून बघितलं तर दवाखान्यातला पलंग आणि होडी यांचं लग्न लावून दिल्यासारखं दिसतं. लाकडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पलंगाएवढी चौकट, आणि तिच्यात रुळांवर चाकांनी सरकणारी गादी. या गादीला कॅरेज म्हणतात. गादी चौकटीच्या एका टोकाला स्प्रिंगांनी जोडलेली असते; बहुतेक यंत्रांवर चार किंवा पाच. त्याच टोकाला पाय किंवा हात टेकवायला एक दांडी, ती फुटबार. दुसऱ्या टोकाला कप्प्या, त्यांतून आलेले दोर आणि दोरांना पट्टे. खांदे अडवायला दोन ठोकळे, डोक्याखाली वरखाली होणारी उशी. वीज लागत नाही, पडद्यावर आकडे पळत नाहीत. तुम्ही ढकललं की स्प्रिंग ताणते, तुम्ही सैल सोडलं की ती गादी परत ओढते. सगळा खेळ या परत येण्यात आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

आणि ‘पिलाटीज’ हे नाव एवढं विचित्र का?

माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटीज, जन्म १८८३, जर्मनी. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये असल्यामुळे शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्यांना नजरकैदेत ठेवलं होतं. तिथे आजारी माणसांच्या पलंगांना स्प्रिंगा बांधून पडल्या पडल्या व्यायाम करवला आणि त्यातून हे यंत्र सुचलं, अशी कथा सांगितली जाते. पुढे १९२६च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले आणि पत्नी क्लारा यांच्याबरोबर त्यांनी तिथे स्टुडिओ चालवला. दुखापत झालेले नर्तक त्यांच्याकडे रांग लावत. ते स्वतः आपल्या पद्धतीला ‘कॉन्ट्रॉलॉजी’ म्हणत. १९६७ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर आडनावच रूढ झालं.

यातला एक तपशील आपल्या खिशाशी संबंधित आहे. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने ‘पिलाटीज’ हा शब्द योगासारखाच सर्वसाधारण आहे, त्यावर कुणा एकाची मालकी नाही, असा निकाल दिला. तेव्हापासून ही पाटी कुणीही लावू शकतं. म्हणजे दारावर हे नाव दिसलं म्हणून आत शिकवणाऱ्याला काय येतं, याचा काहीही बोध होत नाही.

पहिल्या दिवशी फजिती होते का?

होते. माझी साग्रसंगीत झाली.

चार यंत्रांवर चार सडसडीत मुली आणि पाचव्यावर मी. इन्स्ट्रक्टर माझ्या भाचीच्या वयाची, त्यामुळे मी पहिल्या मिनिटापासून ‘काकू’. तिची भाषा म्हणजे अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी: “काकू, रिब्ज खाली, पेल्व्हिस न्यूट्रल, आणि श्वास सोडत प्रेस.” माझी बरगडी आजवर मला कधी वेगळी हलवावी लागली नव्हती. मी सगळंच अंग आक्रसून घेतलं आणि श्वास कोंडून पडून राहिले. तिने हसून नुसता एक हात माझ्या कमरेखाली सरकवला आणि म्हणाली, “माझ्या हाताला चिरडू नका आणि हात सुटूही देऊ नका.” ते मात्र लगेच कळलं.

साधारणपणे वर्ग पन्नास-पंचावन्न मिनिटांचा असतो. सुरुवात उताणं पडून पायांनी फुटबार ढकलण्यापासून होते, त्याला फुटवर्क म्हणतात. टाचा टेकवून, चवडे टेकवून, पाय जवळ, पाय लांब. दिसायला पोरखेळ, पण विसाव्या वेळेला मांड्या थरथरायला लागतात. ही थरथर सगळ्यांची होते, शेजारच्या यंत्रावरच्या सडसडीत मुलीचीही; मान वळवून बघायची मुभा असती तर मला पहिल्याच दिवशी धीर आला असता. मग पूल, म्हणजे कंबर उचलणं. मग पट्ट्यांत हात घालून ओढणं, गुडघ्यांवर बसून, उभं राहून.

आणि मग येतात पट्ट्यांत पाय. उताणं पडायचं, दोन्ही पावलं दोरांच्या पट्ट्यांत अडकवायची आणि पाय हवेत गोल फिरवायचे. पायांचं वजन दोर पेलतात, त्यामुळे मांडीचा सांधा वर्षानुवर्षांचं कुरकुरणं थांबवून मोकळा फिरतो. पन्नाशीनंतर कुणी पाळण्यात घातल्याचं सुख. आमच्या बॅचमधल्या एक निवृत्त शिक्षिका उघड सांगतात की बाकीची पन्नास मिनिटं त्या या पाच मिनिटांसाठी सहन करतात.

गादी सरकते, मग पडायला होत नाही का?

झोपून करायच्या व्यायामांत पडायला जागाच नसते. धोका चढता-उतरताना आणि उभ्याच्या व्यायामांत. स्प्रिंग लावलेली नसताना किंवा एकच हलकी लावलेली असताना गादीवर पाय ठेवला तर ती बर्फावरच्या पाटासारखी निसटते. म्हणून नियम: आधी पाय स्थिर फळीवर, मग गादीवर, उतरताना उलट. आमच्या इथे एका काकांनी फोन वाजला म्हणून घाईत उतरताना गादीवर भार दिला आणि नडगी सोलटून घेतली. तेव्हापासून फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवावे लागतात आणि सगळे त्या काकांना मनातल्या मनात दुवा देतात.

जास्त स्प्रिंगा म्हणजे जास्त अवघड, बरोबर?

इथे भलेभले फसतात, आणि जिममधून आलेले पुरुष तर हमखास. डंबेलचा हिशोब इथे अर्धाच चालतो. फुटवर्कमध्ये तीन-चार स्प्रिंगा लावल्या तर ढकलायला जोर लागतो, हे खरं. पण त्याच चार स्प्रिंगा लावून तुम्ही फुटबारवर हात आणि गादीवर पाय ठेवून फळीसारखे ताठ राहिलात, तर स्प्रिंगाच तुम्हाला धरून ठेवतात. त्यांतल्या तीन काढा. आता गादी पळायला बघते आणि तिला थोपवायला फक्त तुमचं पोट, पाठ आणि दंड उरतात. कमी स्प्रिंग, जास्त हाल.

दुसरी गंमत अशी की स्प्रिंगेचा जोर सारखा नसतो. जितकी ताणाल तितकी ती जास्त ओढते. त्यामुळे शेवटचे चार बोटं अंतर सगळ्यांत जड जातं, आणि परत येताना तर ती तुम्हाला खेचूनच आणत असते. खरा व्यायाम तिला हळूहळू, तिच्या मनाविरुद्ध परत येऊ देण्यात आहे. सोडून दिली तर गादी थांब्यावर आपटते, ‘खट्’. हा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू जातो. माझ्या पहिल्या महिन्यात मी एकटीच इतक्या खटाखट्या करत होते की शेजारचीने विचारलं, तुमचं यंत्र बिघडलंय का?

स्प्रिंगांना रंग असतात, लाल, निळा, पिवळा वगैरे. एका कंपनीचा लाल दुसऱ्या कंपनीच्या लालइतका असेलच असं नाही. त्यामुळे बाणेरच्या स्टुडिओत “मी दोन लालवर करते” हे कोथरूडला येऊन सांगण्यात अर्थ नाही.

पुण्यात योग असताना हे थेर कशाला?

हा प्रश्न माझ्या सासूबाईंचा. त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. अय्यंगार गुरुजींची मॉडेल कॉलनीतली संस्था १९७५ पासून आहे. भिंतीतले दोर, पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या घेऊन शरीर नेमकं कसं लावायचं, हे या शहराने तिथेच पाहिलं. ज्याला हातात पट्टा घेऊन आसन करण्याची सवय आहे त्याला रिफॉर्मर परका वाटत नाही. आमच्या बॅचमध्ये अशा दोघी आहेत आणि कमरेचा कणा म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही.

फरक असा की तिथला आधार स्थिर असतो. वीट जागची हलत नाही. तुम्ही आसनात थांबता, टिकता. इथला आधार सरकतो, आणि सरकत्या आधारावर पुन्हा पुन्हा हालचाल करायची असते. मला टिकून राहणं कधी जमलं नाही, डोक्यात किराणा मालाची यादी सुरू व्हायची. इथे यादी सुरू झाली की गादी ‘खट्’ करते. ज्यांचं योगावर उत्तम चाललं आहे त्यांनी हे धरावं असं मी म्हणणार नाही. सासूबाई अजून सूर्यनमस्कार घालतात, वय ७९. त्यांना कोण काय शिकवणार?

वजन उतरतं का?

यानेच उतरेल या आशेवर येऊ नका. माझं तीन वर्षांत दीड किलो उतरलं आणि दिवाळीत परत आलं. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम अशी आहे. रिफॉर्मर दुसऱ्या खात्यात जमा होतं. पहिल्या खात्यासाठी टेकडी आहेच, फुकट आहे.

पाठदुखी बरी होते का?

मी गेले तीच पाठदुखीपायी. तीस वर्षं काउंटरमागे खुर्चीत बसून कमरेची जी अवस्था व्हायची ती झाली होती. हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, फिजिओथेरपिस्टकडे धाडलं. तिच्याकडे दोन महिने काढल्यावर तिनेच आता नियमित काहीतरी धरा म्हणून सांगितलं. क्रम असा होता, हे मुद्दाम लिहिते, कारण लोक दुखतंय म्हणून थेट स्टुडिओत येतात. पायात मुंग्या, बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं असं काही असेल तर आधी डॉक्टर, आणि ताबडतोब.

माझं दुखणं आता महिन्या-दोन महिन्यांतून एकदा डोकावतं. पण मी म्हणजे पुरावा नव्हे. २०१५ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने कंबरदुखीवरच्या १० चाचण्यांचा आढावा घेतला होता. त्याचा मथितार्थ: काहीच न करण्यापेक्षा पिलाटीजने दुखणं कमी होतं, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. मला हे वाचून वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटलं. जे तुम्ही सोडून देणार नाही ते तुमचं औषध. मला हे सोडावंसं वाटलं नाही.

कुणी सांगून-विचारून यावं?

हाडं ठिसूळ झालेल्यांनी. रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांनी हा भाग दोनदा वाचावा. ऑस्टिओपोरोसिस असेल तर पाठ पुढे गोल करून, डोकं-खांदे उचलून करायचे व्यायाम मणक्यांच्या हाडांवर नको तसा दाब आणतात, आणि पिलाटीजमध्ये नेमके तेच व्यायाम भरपूर. चांगली इन्स्ट्रक्टर ते वगळून दुसरं देते. तुम्ही सांगितलंच नाहीत तर तिला स्वप्न पडणार नाही. काचबिंदू किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर डोकं खाली जाणारे प्रकार नकोत. गुडघा बदललेला असेल तर उताणं पडून ढकलणं बहुतेकांना डॉक्टरांच्या संमतीनंतर चालतं, गुडघे टेकून बसणं त्रासाचं जातं. मानेचं दुखणं असेल तर डोकं उशीवरच राहू द्या, कुणी कितीही उचलून बसलं तरी.

गरोदर असाल तर आपल्या डॉक्टरांना विचारा आणि गरोदरपणाचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडेच जा. पहिल्या तिमाहीनंतर फार वेळ उताणं पडणं टाळायला सांगतात, आणि इथे निम्मा वर्ग उताणाच असतो. बाळंतपणानंतर पोटाचे मधले स्नायू फाकलेले असू शकतात. ते तपासल्याशिवाय पोटाच्या व्यायामांची घाई नको.

आणि एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही. शिंकताना, खोकताना, उडी मारताना लघवीचे थेंब जाणं. आमच्या सहा जणींच्या गप्पांत एकीने धीर करून काढलं आणि कळलं की चौघींना होतं. पेल्व्हिक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी खास फिजिओथेरपिस्ट असतात. दोघी तिथे गेल्या आणि दोघींना फरक पडला. वयाचं आहे म्हणून गप्प बसू नका.

कपडे काय घालायचे?

अंगाबरोबरचे. सैल सलवार रुळात अडकते, ओढणी तर नकोच. लांब मंगळसूत्र काढा किंवा आत खोचा, दोराच्या कप्पीला ते फार प्रिय असतं. ग्रिप सॉक्स, म्हणजे ते रबरी ठिपक्यांचे मोजे, बहुतेक ठिकाणी सक्तीचे. स्टुडिओत महाग मिळतात, बाहेर स्वस्त. दोन जोड घ्या, पावसाळ्यात वाळत नाहीत.

पुरुष येतात का? की बायकांचंच?

शोधलं कुणी, हे वर सांगितलंच. तो गृहस्थ मुष्टियुद्ध खेळणारा होता. पण पुण्यात सकाळच्या बॅचला बायकाच जास्त हे खरं. आमच्यात दोन काका आणि एक हिंजवडीचा मुलगा आहे. मुलगा दीडशे किलो उचलणारा, पहिल्या दिवशी ऐटीत आला आणि कुशीवर बसून एक हात वर करून वाकण्याच्या साध्या ताणात पिवळाधमक पडला. मांडीचे मागचे स्नायू इतके आखडलेले की पाय सरळ होईनात. गेला असेल कायमचा, असं आम्हाला वाटलं. सोमवारी पुन्हा आला.

खर्च परवडतो का?

खरं सांगायचं तर नाही. माझ्या लेकाची जिमची महिन्याची फी आणि माझे तीन वर्ग, हिशोब सारखाच बसतो. यंत्रं महाग, एका वर्गात माणसं पाच-सहाच, आणि शिकवणाऱ्याचं प्रशिक्षणही स्वस्त नसतं, त्यामुळे हे होणारच. मी दोन हॉटेलची जेवणं आणि एक ब्यूटी पार्लर यांवर पाणी सोडलं आहे.

फीपेक्षा पॅकेजच्या अटी वाचा. माझा पहिला स्टुडिओ वेगळा होता. तिथे १२ वर्गांचं पॅकेज ६ आठवड्यांत संपवायचं होतं. आठवड्याला दोन, हिशोब चोख, म्हणून मी खुशीत पैसे भरले. मधे गणपती आले. दहा दिवसांत रस्ते बंद, घरी गौरी, पुरणपोळ्या, पाहुणे. विसर्जनाच्या दिवशी तर स्टुडिओच बंद होता, पण मुदत मात्र चालूच होती. चार वर्ग बुडाले. विचारायला गेले तर ‘मॅडम, सिस्टीममध्ये होत नाही.’ सिस्टीमला गौरी जेवायला घालायच्या नसतात. त्यानंतर मी तीन गोष्टी लेखी विचारते: मुदत किती, ती एकदा तरी थांबवता येते का, आणि वर्ग रद्द करायचा तर किती तास आधी कळवायचं. आत्ताच्या ठिकाणी १२ तास आधी.

उशीर झाला तर दहा मिनिटांनंतर आत घेत नाहीत. सुरुवातीला हा माज वाटला. नंतर कळलं की अंग गरम न करता मधेच गादीवर चढणाऱ्यालाच लागतं. कर्वे रस्त्याशी भांडण्यापेक्षा मी आनंदनगरला मेट्रोत बसते आणि नळ स्टॉपला उतरते.

चांगला स्टुडिओ ओळखायचा कसा?

आरसे, सुगंधी मेणबत्त्या आणि फोटो काढायची भिंत यांकडे बघू नका. ट्रायल क्लासला एवढंच बघा की शिकवणारी तुमच्याकडे बघते की स्वतः व्यायाम करून दाखवत बसते. आमची मुलगी तासभर पाच यंत्रांमध्ये फिरत असते, स्वतः गादीवर क्वचितच चढते. माझा उजवा खांदा कानाला लागतो हे तिला माझ्याआधी कळतं. पहिल्या दिवशी कुणी तुमची दुखणी, शस्त्रक्रिया, औषधं यांबद्दल काहीही न विचारता थेट झोपवलं, तर पैसे भरायच्या आधी निघा. एका वर्गात दहा-बारा यंत्रं आणि शिकवणारी एकच असेल तर नवख्या माणसाने तिथे सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शक्य असेल तर पहिले दोन-तीन वर्ग एकट्याने घ्या, मग बॅचला जा. आमच्या स्टुडिओत हे सक्तीचं आहे आणि तेव्हा मला तो पैसे काढायचा धंदा वाटला होता.

अजून एक: स्प्रिंगा कधी बदलल्या, हे विचारा. स्प्रिंगा झिजतात, त्यांचे हूक सैल होतात आणि ताणलेली स्प्रिंग तुटली तर ती चेष्टा नसते. दोनेक वर्षांनी त्या बदलाव्यात असं यंत्र बनवणारे सांगतात. हा प्रश्न ऐकून समोरच्याचा चेहरा कसा होतो त्यावरून निम्मं उत्तर मिळतं.

दुसऱ्या दिवशी अंग दुखतं का?

दुखतं, बगलेखाली आणि मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे आपल्याला स्नायू आहेत याची खबर नसते. दोन दिवसांत जातं. सांध्यात टोचलं किंवा कळ आली तर ते वेगळं, ते सांगायचं.

किती दिवसांत फरक दिसतो?

पहिला महिना काहीही दिसत नाही. दुसऱ्या महिन्यात मोजे उभ्याने घालायला लागले, भिंतीला न टेकता. मोठी गोष्ट मात्र आठ महिन्यांनी, गौरींच्या जेवणाला घडली. जावेकडे अजून पाट मांडून पंगत बसते. गेली काही वर्षं मी वाढायचं काम अंगावर घ्यायची, कारण खाली बसलं की उठताना एक हात जमिनीवर आणि एक हात कुणाच्या तरी खांद्यावर लागायचा. त्या वर्षी बसले, जेवले आणि ताट उचलून उठले. दोन्ही हातांत ताट होतं हे माझ्या नंतर लक्षात आलं. जाऊबाईंच्या आधी लक्षात आलं होतं. त्या मोठ्याने म्हणाल्या, “अगं, गुडघे कधी बदललेस? सांगितलं नाहीस!”

तुमच्या स्टुडिओचं नाव सांगाल का?

नाही. सातच्या बॅचला यंत्रं पाचच आहेत आणि सध्या मला खिडकीजवळचं मिळतं.